इन्सुलेशन झालं, आता हीट पंप किती किलोवॉटचा घ्यायचा?

आमच्या जुन्या घराचं नूतनीकरण होऊन, हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र) बसून आता एक अख्खा हिवाळा गेलाय, मीटरचे आकडे हातात आलेत, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर सगळं क्रमाने लिहून काढते. जे कोणी थंड प्रदेशात जुनं घर घेऊन बसलेत, भिंती-छपराचं इन्सुलेशन करणार आहेत किंवा करून झालंय आणि आता गॅस बॉयलरच्या जागी नक्की कुठलं मशीन घ्यायचं ह्या विचाराने हैराण आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. किमती जागोजागी इतक्या बदलतात की रक्कम लिहून काही उपयोग नाही, म्हणून एका कोटेशनच्या तुलनेत दुसरं कितीला पडलं असं सांगेन.

घर दोन मजली, साधारण १४० चौरस मीटर, भरीव विटांच्या भिंती, आणि तळघरात २४ किलोवॉटचा गॅस बॉयलर. काम मार्चमध्ये सुरू झालं. भिंतींना बाहेरून १६ सेंटीमीटर इन्सुलेशन, छपरात त्याहून जाड, तिहेरी काचेच्या खिडक्या, आणि उष्णता परत मिळवणारी व्हेंटिलेशन सिस्टीम, म्हणजे बाहेर जाणारी शिळी हवा स्वतःची बरीचशी उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. ह्या कामावर वेगळं लिहावं लागेल, इथे एकच सांगते, आतलं प्लास्टर व्हायच्या आधी हवाबंदपणाची टेस्ट करून घ्या. दारात मोठा पंखा बसवून घर आणि बाहेर ह्यांच्यात ५० पास्कल दाबाचा फरक तयार करतात आणि हवा कुठून पळते ते शोधतात. आमच्याकडे तुळया भिंतीत शिरतात तिथून आणि वायरिंगच्या पाइपांमधून चांगलाच वारा येत होता, पण भिंती अजून उघड्या होत्या म्हणून तो माणूस बोट दाखवेल तिथे लगेच टेप मारून घेता आली. हेच नंतर कळलं असतं तर प्लास्टर फोडावं लागलं असतं.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये आमचे जे कंत्राटदार होते ते म्हणाले, "हीट पंपवाल्यांना आत्तापासून बोलवायला लागा, त्यांच्याकडे रांग असते." रांगेचं खरं होतं. पण मी एका इंजिनीअर मैत्रिणीशी बोलले आणि ती एकच वाक्य बोलली जे मला ह्या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त कामाला आलं. म्हणाली, "विकणाऱ्याला घरात घ्यायच्या आधी घराचा हीट लॉस किती आहे तो आकडा तुझ्या हातात पाहिजे." म्हणजे बाहेर तुमच्या भागातली ठरवलेली कमाल थंडी असताना घर आत २० अंशाला ठेवायचं तर दर क्षणाला किती उष्णता पुरवावी लागेल, तो आकडा. युरोपात ह्यासाठी ईएन १२८३१ नावाचं मानक आहे, इतर देशांची आपापली पद्धत असते, पण तत्त्व तेच, प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत, जमीन, हवेची गळती, सगळं मोजून खोलीनिहाय वॉट काढायचे.

हे काम करणारा स्वतंत्र सल्लागार आम्ही शोधला, जो काही विकत नाही आणि कुणाकडून कमिशन घेत नाही. त्याने खिडक्यांची बिलं, इन्सुलेशनची डेटाशीट, नकाशे आणि हवाबंदपणाच्या टेस्टचा रिपोर्ट मागितला. हे कागद जपून ठेवा, प्रत्येक थराचे भिंत झाकायच्या आधीचे फोटो पण काढून ठेवा, अनुदानाच्या वेळी पुन्हा तेच मागतात. रिपोर्ट यायला महिना गेला आणि त्याची फी शेवटच्या एकूण खर्चाच्या दोन-तीन टक्के झाली. माझ्या मते संपूर्ण प्रोजेक्टमध्ये ह्याच्याइतका सार्थकी लागलेला पैसा दुसरा नाही.

रिपोर्ट आला तो असा: इन्सुलेशनच्या आधी, बाहेर उणे १० असताना, घराला साधारण १५ ते १६ किलोवॉट लागत होते. इन्सुलेशननंतर जेमतेम ४. दोन मोठ्या इलेक्ट्रिक किटल्या एकदम चालू केल्या की जेवढी पॉवर खातात तेवढ्यात आमचं दोन मजली घर सगळ्यात कडक थंडीत गरम राहणार होतं. आम्ही दोघं तो कागद टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. नवरा म्हणाला, "एवढ्यावर भागेल? कागदावर ठीक आहे, पण मुलं थंडीत कुडकुडली तर?" भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. आणि ही भीतीच विकणाऱ्यांच्या बरोबर कामाला येते, ते पुढे सांगते.

भीती घालवायला एक सोपी टेस्ट आहे आणि ज्यांचा जुना बॉयलर अजून चालू आहे त्यांनी ती जरूर करावी. आम्ही तो पहिला हिवाळा मुद्दाम गॅसवरच काढला. बॉयलरमधून रेडिएटरला, म्हणजे खोल्याखोल्यांतल्या गरम पाण्याच्या पॅनेलांना, जाणारं पाणी आधी ७० अंशांवर असायचं. डिसेंबरात ते ५५ केलं, मग ५०, मग ४५, आणि जानेवारीत जेव्हा खरी थंडी पडली तेव्हा ४०. सगळ्या रेडिएटरचे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले आणि रात्री तापमान कमी करायचं बंद केलं. प्रत्येक खोलीत एक साधा थर्मामीटर. घर २० ते २१ वर राहिलं, फक्त वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये थोडं कमी वाटलं.

हे का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या निम्म्या चर्चा आपोआप मिटतात. जुने रेडिएटर त्या जुन्या गळक्या घरासाठी निवडलेले होते, ७५ अंशांच्या पाण्यावर १५-१६ किलोवॉट देतील असे. आता गरज चौथाईवर आली, म्हणजे तेच रेडिएटर घराच्या मानाने खूप मोठे झाले, आणि मोठा रेडिएटर कोमट पाण्यावरही पुरेशी उष्णता देतो. हिशोब केला तर आमच्याकडे ३८-४० अंशांचं पाणी पुरत होतं. हीट पंपला हेच हवं असतं, कारण बाहेरची हवा आणि आतलं पाणी ह्यांच्यातला फरक जितका कमी तितकं मशीनला काम कमी. ढोबळमानाने पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवलं की विजेचा वापर दोन ते अडीच टक्क्यांनी उतरतो.

जानेवारीच्या शेवटी कोटेशन मागवायला सुरुवात केली आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली.

पहिले गृहस्थ आले, तळघरात बॉयलरची प्लेट बघितली, वर येऊन म्हणाले १२ किलोवॉटचा लागेल. मी रिपोर्ट पुढे केला तर त्यांनी तो चाळून परत दिला आणि म्हणाले, "ताई, कागद काही म्हणू दे, मोठा घेतलेला कधी वाया जात नाही." दुसऱ्यांनी रिपोर्ट वाचला पण सगळे रेडिएटर काढून दोन्ही मजल्यांवर जमिनीखालचं हीटिंग, शिवाय ३०० लिटरची बफर टाकी (हीटिंगचं पाणी साठवून ठेवणारी) असं मांडलं, किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. तिसरे जमिनीत बोअर घेऊन तिथली उष्णता वापरणारे. चौथी छोटी फर्म होती, तिथल्या बाईंनी आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, "हीट लॉसचा हिशोब केलाय का?" आणि तेव्हाच मला थोडा धीर आला.

मोठा घेतलेला वाया जात नाही हे गॅस बॉयलरच्या बाबतीत काही प्रमाणात चालून गेलं असेल, हीट पंपच्या बाबतीत अजिबात नाही, आणि चांगलं इन्सुलेशन केलेल्या घरात तर नाहीच नाही. आजकालचे हीट पंप इन्व्हर्टरवर चालतात, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, पण कमी व्हायलाही एक मर्यादा असते. १२ किलोवॉटचं मशीन खाली आलं तरी ४ किलोवॉटच्या आसपास येऊन थांबतं. आमच्या घराला ४ किलोवॉट लागतात ते उणे १० ला, आणि अशा रात्री वर्षात मोजक्या. बहुतेक हिवाळा बाहेर ३ ते १० अंशांच्या मधे असतो, ७ अंशांना आमची गरज दीड-पावणेदोन किलोवॉट. मग ते मोठं मशीन काय करणार? चालू होणार, दहा मिनिटांत पाणी ठरलेल्या तापमानाच्या वर नेणार, बंद होणार, थोड्या वेळाने पुन्हा चालू. दिवसभर हेच. कॉम्प्रेसर झिजतो, वीज जास्त जाते, आवाज सारखा बदलतो म्हणून जास्त जाणवतो.

म्हणून माझी सगळ्यात महत्त्वाची टिप ही: ब्रोशरवर जी कमाल पॉवर मोठ्या अक्षरात असते ती नंतर बघा, आधी किमान पॉवर विचारा. बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असताना हे मशीन कमीत कमी किती किलोवॉटवर चालू राहू शकतं, हा प्रश्न लेखी विचारायचा. ब्रोशरमध्ये बऱ्याचदा तो आकडाच नसतो, टेक्निकल डेटाशीट मागावी लागते. आणि अजून एक गोष्ट तिथे कळली, की एकाच मालिकेतल्या ५ आणि ७ किलोवॉटच्या मॉडेलमध्ये पुष्कळदा आतलं यंत्र एकच असतं, फक्त सॉफ्टवेअरने कमाल पॉवर कमी केलेली, त्यामुळे किमान पॉवर दोन्हींची सारखीच. अशा वेळी नावातला छोटा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही.

तसंच कार्यक्षमतेच्या आकड्यांचं. "सीओपी ५" असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक युनिट विजेत पाच युनिट उष्णता, पण तो आकडा बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश अशा सोयीच्या परिस्थितीतला. उणे ७ ला काय होतं ते वेगळ्या ओळीत छापलेलं असतं. मी प्रत्येक मॉडेलसाठी ७, २ आणि उणे ७ ह्या तिन्ही ठिकाणचे आकडे एका तक्त्यात उतरवले आणि शेजारी पूर्ण हंगामाची सरासरी, ज्याला एससीओपी म्हणतात. ती पण ३५ आणि ५५ अंशांच्या पाण्यासाठी वेगळी असते, दोन कोटेशनांची तुलना करताना एकाची ३५ची आणि दुसऱ्याची ५५ची घेतली तर सगळंच फसवं होतं.

जमिनीतल्या बोअरचा आम्ही मनापासून विचार केला कारण तंत्र म्हणून मला ते फार आवडतं, जमिनीत दहा-पंधरा मीटरच्या खाली तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं, बाहेर यंत्र नाही, आवाज नाही, थंडीत कार्यक्षमता फारशी घसरत नाही. एका मीटर बोअरमधून साधारण ५० वॉट मिळतात असं धरतात (माती-खडकावर अवलंबून), तर आमच्यासाठी ६०-७० मीटरचं एकच बोअर पुरलं असतं. पण ड्रिलिंगचं मशीन आणायचा खर्च बोअर लहान असो की मोठं तेवढाच, वर भूजल खात्याची परवानगी. कोटेशन हवेवर चालणाऱ्या पंपाच्या पावणेदोन पट. मग कागद-पेन घेऊन बसले. आमच्या घराला हीटिंगसाठी वर्षाला अंदाजे ६५०० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागणार. हवेवरचा पंप ४.३ च्या सरासरीने चालला तर १५०० युनिट वीज, जमिनीवरचा ५ ने चालला तर १३००. फरक वर्षाला २०० युनिट. एवढ्या बचतीतून तो जादा खर्च मशीनच्या आयुष्यात वसूल होत नव्हता. हेच घर इन्सुलेशन न केलेलं असतं, तर फरक चार पट झाला असता आणि कदाचित उत्तर वेगळं आलं असतं. त्या तिसऱ्या गृहस्थांना मी हा हिशोब दाखवला तर त्यांनी स्वतःच मान्य केलं, म्हणाले, "तुमच्या घरासाठी मीही हवेवरचाच घेतला असता." मला त्यांचं फार बरं वाटलं.

मित्रांनी भिंतीवरच्या एसीसारखे एअर-टू-एअर पंप सुचवले, ते सगळ्यात स्वस्त पडतात आणि छोट्या घरात उत्तम चालतात, पण आमच्याकडे चालू स्थितीतले रेडिएटर होते, खोल्या जास्त होत्या आणि आंघोळीच्या पाण्याची वेगळी सोय करावी लागली असती, म्हणून तो पर्याय मागे पडला.

एक जण म्हणाले की हे तंत्र अजून नवीन आहे, थांबा. तर झुरिकच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप १९३८ साली बसवला होता आणि तो कित्येक दशकं चालला. थांबण्यासारखं काही नाही.

आता गॅसचा विषय, म्हणजे मशीनच्या आत फिरणाऱ्या रेफ्रिजरंटचा. जुन्या मॉडेलमध्ये आर-४१०ए असायचा, ज्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट धरतात, आर-३२ ची ६७५ पट, आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, त्याची फक्त ३ पट. आम्ही आर-२९० वालं घेतलं, पर्यावरणासाठी आणि दुसरं म्हणजे तो पाणी ६० अंशांच्या वर सहज नेतो. पण प्रोपेन ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून बाहेरच्या मशीनच्या भोवती ठराविक अंतरात तळघराची खिडकी, गटाराचं तोंड, जमिनीखाली जाणारा खड्डा, विजेचा सॉकेट असं काही चालत नाही. अंतर किती ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत आकृती काढून दिलेलं असतं. आम्ही जी जागा मनात धरली होती तिथे नेमकी तळघराची खिडकी होती, त्यामुळे जागा बदलली. ही आकृती कोटेशनच्या वेळीच मागून घ्या.

आणि जागेबरोबर येतो आवाज. डेटाशीटमध्ये जो डेसिबल आकडा असतो तो बहुधा साउंड पॉवर, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं ते, शेजाऱ्याच्या खिडकीत ऐकू येतो तो त्याहून बराच कमी. ५० डेसिबल साउंड पॉवरचं मशीन मोकळ्या जागेत ३ मीटरवर साधारण ३२-३३ ला ऐकू येतं, मागे भिंत असेल तर ३ ने वाढतं, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलं तर ६ ने. अंतर दुप्पट केलं की ६ ने घटतं. म्हणून कोपरा टाळायचा. आम्ही शेजारच्या आजी-आजोबांकडे आधीच जाऊन बसलो, कुठे ठेवणार, आवाज किती येईल ते कागदावर दाखवलं. आजोबा म्हणाले, "आमची बेडरूम मागे आहे, पुढच्या बाजूला ठेवलंत तर काहीच प्रश्न नाही." नियमाने त्यांची सही लागत नव्हती, तरी हे आधी बोलून घेतलेलं केव्हाही चांगलं.

गरम पाणी ह्या विषयावर मी सुरुवातीला फारसा विचारच केला नव्हता, आणि इन्सुलेशन झालेल्या घरात तोच विषय मोठा होतो. चार माणसांचं पाणी तापवायला वर्षाला अडीच हजार युनिटच्या आसपास उष्णता लागते, हीटिंगच्या तुलनेत बघा, तिसऱ्या भागाहून जास्त. छोटा पंप टाकी तापवायला वेळ घेतो, तेवढा वेळ घराचं हीटिंग थांबतं, पण चांगलं इन्सुलेशन असलेलं घर दोन तासांत थंड होत नाही त्यामुळे कळतही नाही. टाकी घेताना लिटर तर बघाच पण आतली कॉइल किती चौरस मीटरची आहे ते विचारा. गॅस बॉयलरसाठी बनवलेल्या टाकीत कॉइल लहान असते, हीट पंपचं पाणी कमी गरम म्हणून त्याला मोठी कॉइल लागते. आम्ही २५० लिटरची टाकी घेतली, ४८ अंशांवर ठेवतो आणि लेजिओनेला जिवाणू मरावेत म्हणून आठवड्यातून एकदा ६० वर नेतो, ते पण मशीन स्वतःच्या कॉम्प्रेसरवरच करतं.

बफर टाकीवरून बराच वाद झाला. चार कोटेशनांपैकी तिघांनी ती घातली होती. हीट पंपला डीफ्रॉस्टच्या वेळी, म्हणजे बाहेरच्या कॉइलवर जमलेला बर्फ वितळवताना, सिस्टीममध्ये ठराविक पाणी फिरतं हवं हे खरं. पण मोठी बफर मधे घातली की गरम आणि परतीचं थंड पाणी आत मिसळतं आणि रेडिएटरला ४० हवं असेल तर पंपला ४४ करावं लागतं. वर अजून एक सर्क्युलेशन पंप, अजून एक कंट्रोल, आणि टाकीची जागा. चौथ्या फर्मच्या बाईंनी सांगितलं की खालच्या मजल्यावरचे रेडिएटर थर्मोस्टॅटशिवाय कायम उघडे ठेवू, रेडिएटरांमधलंच पाणी पुरतं, आणि खात्रीसाठी परतीच्या पाइपवर ४० लिटरची छोटी टाकी लावू. हे मला पटलं. सिस्टीम जितकी साधी तितकी बिघडायला जागा कमी.

तर फेब्रुवारीच्या शेवटी ठरलं: पाणी तापवणारा, हवेवर चालणारा मोनोब्लॉक, ५ किलोवॉटचा, किमान पॉवर २ च्या थोडी खाली. मोनोब्लॉक म्हणजे प्रोपेनचं सर्किट सगळं बाहेरच्या मशीनमध्येच बंद, घरात फक्त पाण्याचे पाइप येतात. वीज जाऊन बाहेरचं पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ व्हॉल्व्ह लावून घ्यायचा, गोठायच्या आधी तो पाणी सोडून देतो. रेडिएटर सगळे जुनेच, फक्त वरच्या बाथरूमचा एक बदलून मोठा. अंतिम किंमत पहिल्या १२ किलोवॉटच्या कोटेशनपेक्षा साधारण पाचव्या भागाने कमी आली.

मग कागदपत्रं. जिथे सरकारी अनुदान मिळतं तिथे अर्जाचा क्रम फार महत्त्वाचा असतो, पुष्कळ योजनांमध्ये मंजुरीआधी काम सुरू केलं की पैसे गेले. आम्ही करारात ओळ घालून घेतली की अनुदान मंजूर झालं तरच करार लागू होईल, आणि ॲडव्हान्स दिला नाही. अर्जाला लागलं ते असं: हीट लॉसचा रिपोर्ट, मॉडेल मान्यताप्राप्त यादीत असल्याचा पुरावा, इन्स्टॉलरचं सर्टिफिकेट, मालकी हक्काचा कागद. मार्चमध्ये अर्ज केला, एप्रिलमध्ये त्यांनी एक कागद पुन्हा मागितला कारण आधीच्या स्कॅनमध्ये एक सही पुसट दिसत होती, मे संपता संपता मंजुरी आली. तो काळ मला सगळ्यात जड गेला. काही करता येत नाही, रोज सकाळी ईमेल उघडायची, आणि मंजुरी उशिरा आली तर पुढची थंडी पुन्हा गॅसवर ही धाकधूक.

त्याच काळात वीज कंपनीकडे अर्ज टाकून ठेवला हे बरं झालं. हीट पंप जोडायच्या आधी त्यांना कळवावं किंवा परवानगी घ्यावी लागते, आणि मशीनची तसंच आतल्या इलेक्ट्रिक हीटरची कमाल पॉवर लिहावी लागते. बहुतेक पंपांमध्ये अडीअडचणीला असा हीटर असतो. आमचा पंप स्वतः जेमतेम २ किलोवॉट वीज घेतो, पण हीटर ६ चा होता आणि अर्ज त्यावर अडला. चौथ्या फर्मच्या बाईंनी तो ३ वर मर्यादित करून दिला, सुधारित फॉर्म भरला आणि मग मंजुरी आली. मोठा पंप घेतला असता तर मुख्य केबलच बदलावी लागली असती, तो खर्च वेगळाच.

ऑगस्टमध्ये काँक्रीटचा चौथरा, त्याच्या शेजारी खडीचा खड्डा. हा खड्डा महत्त्वाचा आहे, कारण डीफ्रॉस्टचं पाणी दमट थंडीत दिवसाला कित्येक लिटर निघतं आणि ते वाटेवर गेलं तर काचेसारखा बर्फ होतो, पाइप जमिनीत जिथे पाणी गोठत नाही तितका खोल नेऊन सोडायला सांगा. प्रत्यक्ष बसवायचं काम आठवडाभरात झालं. जुने पाइप आणि रेडिएटर आधी स्वच्छ धुवून घेतले, परतीच्या पाइपवर गाळ पकडणारा चुंबकीय फिल्टर लावला, आणि मी आग्रहाने उष्णता मोजणारं वेगळं मीटर व विजेचं वेगळं मीटर लावून घेतलं. मशीनचा स्वतःचा डिस्प्ले आकडे दाखवतो, पण ते बऱ्याचदा अंदाजे असतात.

शेवटच्या दिवशी प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचं पाणी मिळेल असं बॅलन्सिंग केलं. घाईत हेच राहून जातं आणि मग लांबची खोली गार राहते म्हणून अख्ख्या घराचं तापमान वाढवत बसतात. हे केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

ऑक्टोबरात हीटिंग सुरू केलं तेव्हा हीटिंग कर्व्ह, म्हणजे बाहेर किती अंश असताना पाणी किती अंश करायचं हा आलेख, फॅक्टरी सेटिंगवर होता आणि खूप वर होता. मी दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा खाली आणला, एखादी खोली गार वाटेपर्यंत, मग एक पायरी वर. इन्सुलेशन असलेल्या घराला बदल जाणवायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून धीर धरायचा. शेवटी उणे १० ला ३९ आणि १० अंशांना २९ इथे स्थिरावलं. रात्री कमी करायचं नाही, पंप मंद वेगात अखंड चालू देतो. रेडिएटरला हात लावला तर फारसा गरम लागत नाही, सासूबाई आल्या तेव्हा त्यांना बंदच आहे असं वाटलं, पण खोलीत २१ होतं.

थंडीतली सगळ्यात वाईट रात्र उणे ९ ची. मी रात्री उठून डिस्प्ले बघितला, पंप जवळजवळ पूर्ण वेगावर, पाणी ३८ वर, इलेक्ट्रिक हीटर बंद. सकाळी मुलांच्या खोलीत २०.५. नवऱ्याने तो आकडा बघितला आणि म्हणाला, "आता परत कुडकुडण्याचं नाव काढणार नाही." बाहेरच्या मशीनवर सगळ्यात जास्त बर्फ जमतो तो शून्य ते ३ अंशांच्या दमट हवेत, तेव्हा डीफ्रॉस्ट वारंवार होतो, वाफेचा लोट निघतो, पहिल्यांदा बघितलं की धूर वाटतो, घाबरू नका.

ऑक्टोबर ते मार्च ह्या सहा महिन्यांचे आकडे: हीटिंगसाठी ५९०० युनिट उष्णता, त्यासाठी १३७० युनिट वीज, म्हणजे ४.३. गरम पाण्यासाठी १३५० युनिट उष्णता आणि ४४० युनिट वीज, म्हणजे साधारण ३.१. सल्लागाराच्या कागदावरचा अंदाज आणि हे मीटर ह्यांत फार फरक पडला नाही.

एप्रिलमध्ये गॅसचं कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्ज केला. इथे दोन वेगळे अर्ज असू शकतात हे लक्षात ठेवा, एक गॅस विकणाऱ्या कंपनीला पुरवठा थांबवायचा आणि दुसरा पाइपलाइनवाल्यांना मीटर काढायचा. फक्त पहिला केला तर काही ठिकाणी मीटरचं स्थिर भाडं चालूच राहतं. मीटर काढून नेण्याआधी शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून घ्या आणि मीटर काढल्याची पावती अनुदानाच्या फाइलला जोडा, आमचा शेवटचा हप्ता त्या पावतीवरच सुटला.